दाफ योमी : रोज एक पान वाचणं म्हणजे अभ्यास नव्हे

संथपाठी

तालमुद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथसंग्रहाचं रोज एक पान, जगभर सगळ्यांनी तेच पान, आणि 2711 पानं सुमारे साडेसात वर्षांत पुरी, असा 'दाफ योमी'चा क्रम. पोलंडचे रब्बी मेइर शपिरो यांनी तो 1923 मध्ये व्हिएन्नाच्या अधिवेशनात मांडला. सध्याचं चौदावं आवर्तन 5 जानेवारी 2020 ला सुरू झालं. ज्यूंच्या विद्याप्रेमाचा विषय निघाला की हल्ली पहिला दाखला याचाच दिला जातो. माझ्या मते हा वेग त्या विद्येच्या मुळावरच येतो.

दाफ म्हणजे पानाच्या दोन्ही बाजू. मधोमध मिश्ना (मूळ नियम) आणि गमारा (त्यावरची चर्चा), बांधणीकडच्या बाजूला राशीचं (शलोमो यित्झाकी, 1040–1105) भाष्य, बाहेरच्या कडेला तोसाफोत, म्हणजे नंतरच्या पंडितांच्या टिपा. भाषा हिब्रू आणि अरामी. स्वरखुणा नाहीत, विरामचिन्हं नाहीत. प्रश्न कुठे संपला नि उत्तर कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. तासाभरात एवढं उरकायचं म्हटलं की आधी तोसाफोत गळतं, मग आक्षेप गळतात, आणि हातात नुसती गोष्ट उरते.

तालमुदमधल्या बावा मेत्सिया या ग्रंथाचं पहिलंच प्रकरण घ्या. दोघांनी एक वस्त्र धरलंय. दोघंही म्हणतात, 'मला सापडलं, सगळं माझं.' मिश्ना सांगते: प्रत्येकाने शपथ घ्यावी की 'यात माझा वाटा अर्ध्याहून कमी नाही', आणि वाटून घ्यावं. शपथ अशी आडवळणाची का? 'सगळं माझं' अशी घेतली तरी सगळं मिळणार नाही. 'अर्धं माझं' अशी घेतली तर स्वतःचाच दावा मोडतो. हा खुलासा पाचव्या पानावर येतो. प्रश्न दुसऱ्या पानावरचा (बहुतेक ग्रंथ दुसऱ्या पानापासूनच सुरू होतात), म्हणजे उत्तर येईपर्यंत तीन दिवस उलटलेले. तोवर प्रश्न कितीजणांच्या डोक्यात जिवंत असतो?

नित्यनेमी

पूर्ण असहमत. हा वाद तालमुदनेच घातलाय. बराखोत या ग्रंथाच्या शेवटच्या पानावर प्रश्न आहे: 'सीनाय' मोठा की 'डोंगर उपटणारा'? सीनाय म्हणजे ज्याला सगळी परंपरा मुखोद्गत आहे तो. दुसरा तर्काने डोंगर हलवणारा. उत्तर आलं: सीनाय, कारण गव्हाच्या धन्याकडे सगळ्यांनाच जावं लागतं. कणगीत दाणा नसेल तर दळणार काय?

आणि आधी होतं काय? येशिवांचा, म्हणजे तालमुद शिकवणाऱ्या पाठशाळांचा, अभ्यास मोजक्याच ग्रंथांभोवती फिरायचा. यज्ञबलीसंबंधीचे ग्रंथ अनाथासारखे पडून होते, ही शपिरोंचीच तक्रार. याच माणसाने 1930 मध्ये लुब्लिनची येशिवा उघडली आणि शेकडो पानं पाठ असल्याशिवाय तिथे प्रवेश ठेवला नाही. त्यांना खोली कळत नव्हती असं म्हणणार?

दुसरं, ज्यांना येशिवाचं दारच बंद होतं त्यांचं काय? जानेवारी 2020 मध्ये जेरुसलेमला हजारो स्त्रिया आवर्तनसमाप्तीच्या सोहळ्याला जमल्या. वेळापत्रकाला प्रवेशपरीक्षा नसते.

संथपाठी

मग बावा बात्रा ग्रंथाचं 21 वं पान सुद्धा उघडा. एका शिक्षकामागे 25 मुलं, 40 झाली तर मदतनीस, 50 झाली तर दोन शिक्षक, हा नियम जिथे आहे तेच पान. तिथेच रावा हा आचार्य म्हणतो, भरपूर शिकवणारा पण काटेकोर नसलेला शिक्षक नेमा, चूक आपोआप निघून जाते. नेहार्दियाचा राव दिमी म्हणतो, काटेकोर नेमा. चूक एकदा शिरली की शिरली. सोळाव्या शतकात शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या संहितेने निकाल काटेकोर शिक्षकाच्या बाजूने दिला.

नित्यनेमी

तो निकाल लहान मुलांच्या शिक्षकाबद्दल आहे. दिवसभर काम करून आलेल्या प्रौढापुढे 'सखोल की उथळ' असा पर्याय नसतो. पान किंवा काहीच नाही, एवढाच असतो. शब्बात 63 मध्ये क्रमही सांगितलाय: आधी शिकून घ्यावं, मग तर्क करावा.

मीमांसक

दोघंही वेगावर भांडताय, पण घोडं अडतं उजळणीपाशी. हागीगा 9 मध्ये हिल्लेल म्हणतो, शंभर वेळा आवर्तन करणारा एकशे एक वेळा करणाऱ्यासारखा नव्हे. दाफ योमीत एकदाच होतं.

शिवाय पानाची हद्द विषयाची नाहीच. ती 1520 च्या दशकात व्हेनिसला दानियल बोंबर्गच्या छापखान्यात ठरली. पान वाक्याच्या मध्यातही तुटतं. त्यामुळे पानाशी थांबू नये. चर्चेचा तुकडा, म्हणजे सुग्या, संपेपर्यंत चार ओळी पुढे जावं.

तास हाताशी असेल तर पहिली दहा मिनिटं कालचं पान पुस्तक मिटून सांगावं. मग चाळीस मिनिटं नवं पान राशीसकट, मोठ्याने, जोडीदाराबरोबर. या जोडीला हावरुता म्हणतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने अडवायचं. माना डोलावणारा जोडीदार कामाचा नाही. समासात पेन्सिलने प्रश्न, उत्तर, आक्षेप अशा खुणा कराव्यात. 'तेयूवता' म्हणजे मत खोडलं गेलं आणि 'काश्या' म्हणजे अडचण आहे पण मत अजून उभं आहे. घाईत ही दोन एक धरली की सगळा निकाल उलटा वाचला जातो. शेवटची दहा मिनिटं साखळी तोंडी मांडायला.

येवामोत या दीर-भावजय विवाहाच्या नियमांच्या ग्रंथात पहिल्याच मिश्नात 15 स्त्रियांची यादी आहे. वंशावळीसारखा तक्ता काढल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये. एरुवीन या शब्बाथच्या हद्दींच्या ग्रंथाला आकृत्या हव्यातच.

अष्टागर

एक मुद्दा सुटतोय. कोकणातले बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तालमुदशिवाय ज्यू राहिले. शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली', मुलांची सुंता, आणि तोंडी 'शमा' ही प्रार्थना. पुण्यात 1874 मध्ये मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. तिच्यात चार मुलगे आहेत आणि चौथ्याला विचारताच येत नाही. त्याच्यासाठी आज्ञा आहे: तूच त्याला सुरुवात करून दे. विद्येचं हे दार पानांच्या हिशेबाबाहेरचं आहे.

संथपाठी

अष्टागर, हे मान्य, आणि मीमांसकांची पद्धतही मान्य. पण त्या पद्धतीने तासात पान होणार नाही. 'अमुद योमी' म्हणजे रोज एकच बाजू, तोसाफोतमधल्या निदान एका मुद्द्यासह. एवढंच झेपेल.

नित्यनेमी

म्हणजे पंधरा वर्षं. साठाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला मी तरी पूर्ण पानच घ्यायला सांगेन.