नागपूरच्या महाल भागातल्या आजारी मुलासाठी प्रार्थनेसोबत काय करता येईल?

प्रश्न : आमच्या वस्तीतील सात वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला असून केमोथेरपी सुरू आहे. मंगळवारी टेकडी गणपतीला सामूहिक अथर्वशीर्ष पठण ठरले आहे, शेजारचे एक चाचा ताजबागेच्या दर्ग्यात चादर चढवून आले. याखेरीज आम्ही काय करावे?

उत्तर १ : ताई, पठण अवश्य करा, मात्र केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून प्रसाद, फुले आणि गर्दी मुलाच्या खोलीपर्यंत नेऊ नका. अंगारा आईच्या हाती दिला तरी पोहोचतो, असे मी मानतो.

उत्तर २ : रक्तदात्यांची यादी करा, पण सर्वांना एकाच दिवशी पाठवण्याचा उत्साह आवरा. प्लेटलेट्स (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) दात्याकडून घेतल्यावर साधारण पाचच दिवस टिकतात आणि गरज महिनोन्‌महिने पडते, त्यामुळे पाळ्या लावाव्यात. संपूर्ण रक्त दिल्यावर पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस थांबावे लागते. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची शक्यता असल्यास सख्ख्या नातलगांचे रक्त सहसा टाळतात. डॉक्टरांना आधी विचारा.

उत्तर ३ : खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, करावी. वर्गणी थेट पालकांच्या खात्यात जावी. आमच्या वेळी ती तिघांकडे फिरत राहिली आणि हिशेबावरून मने दुखावली.

प्रश्नकर्ती : आभार. मंगळवारी पठणानंतर तिथेच पाळ्या लावतो.