मदत हवी आहे: कॅथलिक शाळेचा पुढच्या करिअरवर आणि मूल्यांवर परिणाम होतो हे दाखवायचं कसं?

खडूफळा:
एम.एड.च्या प्रबंधात अडकले आहे. कॅथलिक शाळेत शिकलेल्यांचं पुढचं करिअर आणि मूल्यं असा विषय आहे. प्रश्नावल्या भरून आल्यात आणि उत्तरं जवळपास एकसारखी आहेत: शिस्त, वेळ पाळणं, चारचौघांत बोलायचं धाडस, दुसऱ्याच्या उपयोगी पडायची सवय. आज जो काही आहे तो शाळेमुळे, असं बहुतेकांनी आपापल्या शब्दांत लिहिलंय. गाइड म्हणतात, यातून काही सिद्ध होत नाही. माणसं स्वतः सांगताहेत, आणखी काय सिद्ध करायचं? प्रकरण पुढच्या आठवड्यात द्यायचंय. माहीत असणाऱ्यांनी नेमकं सांगा. विषय बदला असं कृपया सांगू नका, ती वेळ गेली.

अर्धविराम:
आधी हे सांगा. ही माणसं मिळवली कुठून? शाळा सोडून किती वर्षं झाली त्यांना? त्यात कॅथलिक किती, इतर किती? शाळा सिस्टर्सची की फादरांची, आणि कोणत्या संघाची, म्हणजे त्यांच्या कोणत्या धार्मिक संस्थेची? जेझुइट या फादरांच्या संघाची शाळा, डॉन बॉस्कोंच्या सेलेशियन संघाची शाळा आणि सिस्टर्सची मुलींची शाळा एकाच रकान्यात घातली तर हाती काही लागणार नाही.

सरळरेघ:
मी नर्सिंगमध्ये आहे, निवृत्तीला आलेय, म्हणून लिहिते. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर्सच्याच संघाचा दवाखाना होता. गणित शिकवणाऱ्या सिस्टर सुट्टीत तिथे बेडपॅन उचलताना दिसायच्या. सेवेवर आम्हाला कोणी भाषण दिलं नाही, पण ते काम हलकं नाही एवढं डोक्यात पक्कं बसलं. घरी या पेशाला विरोध होता, तरी मी तोच धरला. हे घरचे संस्कार नव्हेत, शाळेचेच. तुमच्या गाइडना हे वाचून दाखवा.

उत्तररात्र:
सरळरेघ, तुमचं खरं असेल. आमच्या वर्गातून दुसरंच निघालं. हात वर करायचा आणि परवानगी मिळाल्यावरच बोलायचं, ही सवय इतकी मुरली की साहेबाचं चुकतंय हे दिसत असूनही मी वर्षानुवर्षं गप्प बसलो. बढतीच्या वेळी 'मेहनती, विश्वासू' असा शेरा मिळायचा आणि खुर्ची दुसऱ्याला. माझ्याबरोबरचे कितीतरी जण असेच उत्तम दुय्यम अधिकारी झाले. हाही करिअरवरचा परिणामच आहे. तो कोणत्या प्रश्नावलीत येतो?

सरळरेघ:
शिस्त वेगळी, भीती वेगळी. धाक घालणारे शिक्षक तुम्हाला कुठल्याही शाळेत भेटले असते.

उत्तररात्र:
मग चांगल्या सिस्टरही तुम्हाला कुठल्याही शाळेत भेटल्या असत्या. श्रेय शाळेचं आणि दोष मात्र एकेकट्या माणसाचा, असं कसं चालेल?

खडूफळा:
अनुभव माझ्याकडे गठ्ठाभर आहेत, मला पद्धत हवी आहे. अर्धविराम, सगळे जण माजी विद्यार्थी संघाच्या यादीतले. शाळा सोडून १५ ते ३० वर्षं झालेले. शाळा दोन, एक सिस्टर्सची आणि एक जेझुइट. कॅथलिक निम्म्याहून कमी.

तिसरीघंटा:
माजी विद्यार्थी संघाची यादी! गाइडचा आक्षेप इथेच असणार. संघाशी संबंध कोण ठेवतं? ज्याला शाळा आवडली तो. उत्तररात्र यांच्यासारखे लोक त्या यादीत फारसे नसतातच. दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. जे आईवडील चौकशी करून, फी भरून शिस्तीची शाळा शोधतात, त्यांची मुलं दुसरीकडे शिकून मागे राहिली असती असं कशावरून?

अमेरिकेत यावर मोठा वाद झालाय, तो तुमच्या प्रकरणात यायलाच हवा. १९८२ मध्ये जेम्स कोलमन, थॉमस हॉफर आणि सॅली किलगोर यांनी मांडलं की घरची परिस्थिती जमेस धरली तरी कॅथलिक हायस्कूलची मुलं सरकारी शाळांतल्या मुलांच्या पुढे असतात. त्यावर वर विचारलेलाच प्रश्न लोकांनी विचारला. १९९५ मध्ये विल्यम एव्हान्स आणि रॉबर्ट श्वॉब यांना हायस्कूल पूर्ण करण्याची आणि कॉलेजात जाण्याची शक्यता कॅथलिक शाळेमुळे सुमारे १३ टक्के-बिंदूंनी वाढलेली आढळली. १९९७ मध्ये डेरेक नील यांनी दाखवलं की फायदा सगळ्यांना सारखा नाही. मोठ्या शहरांतल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना तो सर्वांत जास्त, कारण त्यांच्यापुढची दुसरी शाळा फार कमकुवत होती. उपनगरांत फायदा नगण्य.

मला सर्वांत पटलेला अभ्यास २००५ चा, जोसेफ आल्टोन्जी, टॉड एल्डर आणि ख्रिस्तोफर टेबर यांचा. त्यांनी आठवीत कॅथलिक शाळेत असलेल्या मुलांवर भर दिला. त्यातली काही पुढे कॅथलिक हायस्कूलला गेली, काही गेली नाहीत. म्हणजे ती निवड एकदा केलेली घरंच दोन्ही बाजूंना. शिक्षण पूर्ण करण्यावरचा परिणाम तिथेही टिकला. परीक्षेच्या गुणांवर मात्र तो फारसा दिसला नाही.

खडूफळा:
हे उपयोगाचं आहे, मनापासून आभार. पण यात मूल्यं कुठे आहेत?

पानगळ:
मूल्यांसाठी जेझुइट शाळेवरच थांबा, दुसरी शाळा वगळा. १५९९ मध्ये त्यांनी 'राशिओ स्टुडिओरम' ही शिक्षणाची नियमावली पक्की केली. रोजची उजळणी, विद्यार्थ्यांमधली चढाओढ आणि वादसभा हा तिचा कणा. तत्त्वज्ञ देकार्त फ्रान्समधल्या ला फ्लेशच्या जेझुइट शाळेतला, लेखक व्होल्तेर पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या जेझुइट शाळेतला, क्युबाचा नेता फिदेल कास्ट्रो हवानाच्या बेलेन या जेझुइट शाळेतला. तिघांच्या श्रद्धा एकमेकांशी जुळत नाहीत, पण मुद्दा लढवण्याची ताकद तिघांत आहे. शाळा काय मानायचं ते ठरवू शकत नाही, कसं मांडायचं ते शिकवते, असं माझं ठाम मत आहे.

तिसरीघंटा:
तीन प्रसिद्ध नावांवरून शाळेचा परिणाम ठरत नाही. त्याच बाकांवर बसून साधी नोकरी केलेले हजारो जण कुठे मोजलेत? आणि वाद घालायला शिकवत असतील तर उत्तररात्र गप्प का बसले?

उत्तररात्र:
माझी शाळा जेझुइटांची नव्हती. आमच्याकडे वादसभा नव्हती, रांग होती. अर्धविराम यांनी सुरुवातीला संघ विचारला तो बरोबरच होता.

पानगळ:
नावं सोडा. पेद्रो अरुपे यांचं भाषण तरी घ्या. ते तेव्हा जेझुइटांचे सर्वोच्च प्रमुख होते. ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधल्या वॅलेन्सियात युरोपातल्या जेझुइट शाळांचे माजी विद्यार्थी जमले होते. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असं त्यांनी विचारलं आणि नाही, घडवलं नाही, असं स्वतःच स्पष्ट सांगितलं. 'दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं' घडवणं हे उद्दिष्ट त्यांनी तिथे मांडलं. समोर बसलेल्यांत चांगल्या हुद्द्यांवरची माणसं होती, तरी अरुपेंना तेवढं यश पुरेसं वाटलं नाही. खडूफळा, तुमच्या प्रश्नावलीत यश आणि मूल्यं एकाच प्रश्नात आहेत का? असतील तर ती वेगळी करा.

नवपालक:
नमस्कार. मुलीला पहिलीत कॉन्व्हेंटला घालायचा विचार आहे. तिथे इतर धर्मांच्या मुलांना ख्रिस्ती धर्म शिकावा लागतो का? घरात यावरून एकमत होत नाहीये.

सरळरेघ:
आमच्याकडे कॅथलिक मुलींना कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा तास असायचा तेव्हा बाकीच्यांना मॉरल सायन्स. प्रार्थना सगळ्यांची एकत्र. शाळेत जाऊन वेळापत्रक बघा आणि मुख्याध्यापिकांना सरळ विचारा, त्या सांगतील.

उत्तररात्र:
नवपालक, यासाठी वेगळा धागा काढा, जास्त उत्तरं मिळतील. आणि त्या शाळेत मुलं प्रश्न विचारतात का, तेही बघून या.

तिसरीघंटा:
मूळ प्रश्नाकडे येते. शाळेत असं काय होतं की परिणाम व्हावा, यासाठी अँथनी ब्रिक, व्हॅलरी ली आणि पीटर हॉलंड यांचं १९९३ चं 'कॅथलिक स्कूल्स अँड द कॉमन गुड' वाचा. हुशार मुलांना अवघड विषय आणि बाकीच्यांना सोपे, असं न करता जवळजवळ सगळ्यांना तोच मुख्य अभ्यासक्रम देणं, आणि शिक्षकांनी वर्गाबाहेरही मुलांशी संबंध ठेवणं, यावर त्यांचा भर आहे. सरळरेघ यांच्या सिस्टर यात नेमक्या बसतात.

पद्धत विचाराल तर घर सारखं ठेवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे भावंडं. एक कॅथलिक शाळेत, दुसरं दुसरीकडे. पण तुमच्याकडे ती माहिती नसणार.

खडूफळा:
ती तर पहिल्याच पानावर आहे. भावंडांची शाळा, शिक्षण, सध्याचं काम. कौटुंबिक माहिती प्रत्येक प्रश्नावलीत असतेच ना.

अर्धविराम:
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! ज्यांचं भावंड दुसऱ्या शाळेत शिकलं तेवढ्याच प्रश्नावल्या आज बाजूला काढा.

तिसरीघंटा:
आणि त्या भावंडांना वेगळ्या शाळेत का घातलं ते फोन करून विचारा. हुशार म्हणून एकालाच निवडलं असेल, तर जोडी असून नसल्यासारखी. प्रवेश मिळाला नाही, बदली झाली, घर बदललं, अशी कारणं असतील तर ती जोडी सोन्यासारखी. मूल्यांसाठी भावंडालाही तेच प्रश्न विचारा, आणि 'तुम्ही सेवाभावी आहात का' असं विचारू नका. गेल्या वर्षी बिनपगारी काय काम केलं, कोणासाठी केलं, वरिष्ठांना शेवटचं नाही कधी म्हणालात, असं विचारा.

खडूफळा:
भाऊ कॅथलिक शाळेत आणि बहीण दुसरीकडे, अशा जोड्या बऱ्याच दिसताहेत. त्या घेऊ का?

तिसरीघंटा:
घ्या, पण वेगळ्या मोजा. मुलगा म्हणून त्याला तिथे घातलं असेल तर तो फरक शाळेचा की घरातल्या वागणुकीचा, हे सांगता येणार नाही. दोन बहिणी किंवा दोन भाऊ असलेल्या जोड्यांपासून सुरुवात करा.

उत्तररात्र:
वरिष्ठांना नाही म्हणण्याचा प्रश्न ठेवाच. आणि यादीत नसलेले माझ्यासारखे काही जण हवे असतील तर निरोप पाठवा, माझ्या वर्गातल्यांना मी विचारतो.

खडूफळा:
पाठवते. तुमची शाळा कोणत्या संघाची, तेही लिहा.