चर्चा: गूगलने आमच्या होमस्टेला वाळीत टाकलंय, आणि कारणही सांगत नाही

बंदरावरचा (धागाकर्ता)

हर्णै बंदराजवळ आमच्या चार खोल्या आहेत. स्वयंपाक आई बघते, बाकी सगळं मी. २०१७ साली वेबसाइट केली. 'हर्णै होमस्टे' टाकलं की पहिल्या पानावर आम्हीच. दिवाळी, नाताळ, मे महिना, फोन खाली ठेवायला फुरसत नसायची. २०२४ च्या मार्चनंतर उतरती कळा लागली, आता पाचव्या पानावरही सापडत नाही. वर कोण? मोठमोठ्या बुकिंगवाल्यांची पानं. एकाने तर सुवर्णदुर्ग म्हणून भलत्याच किल्ल्याचा फोटो लावलाय.

माझं मत सरळ आहे: गूगलचे नियम फक्त लहानांना. गावकीने वाळीत टाकलं तर निदान २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, पोलिसांत जाता येतं. इथे दाद मागायला चावडीच नाही. पटत नसेल त्याने बोलावं.

कुळथाची पिठी

नाही पटत. चिपळुणात बसून हीच कामं करतो म्हणून सांगतो, 'दंड' हा शब्द आपण फार सैल वापरतो. गूगलच्या माणसाने खरंच कारवाई केली असेल तर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं फुकट साधन) 'मॅन्युअल ॲक्शन' या पानावर लिहून येतं, कशासाठी तेही. चूक दुरुस्त करून फेरविचाराचा अर्ज करता येतो. ते पान रिकामं असेल तर तुम्हाला कोणी दंड केलेला नाही. तुम्ही मागे पडलात.

आधी शोधाच्या चौकटीत 'साइट' हा इंग्रजी शब्द, मग कोलन, मग जागा न सोडता तुमचा पत्ता टाका. एकही पान येत नसेल तर गाडी वेगळीच अडकलीये. आणि साइट वर्डप्रेस या तयार साच्यावर बनवलेली असेल तर सेटिंगमध्ये 'रीडिंग'खाली सर्च इंजिनांना परावृत्त करण्याची एक चौकट असते. साइट बनवताना टिक करतात आणि काढायची राहते. अशी दोन गिऱ्हाइकं मी पाहिलीत. दोघेही गूगलच्या नावाने बोटं मोडत होते.

बंदरावरचा

बघितलं. चौकटीत टिक नाही. पानं येतात, २६. मॅन्युअल ॲक्शनमध्ये 'समस्या आढळली नाही'. मग हे तर अजून वाईट! गुन्हा नाही, आरोपपत्र नाही, शिक्षा मात्र चालू.

कुळथाची पिठी

चार खोल्यांच्या होमस्टेला २६ पानं कशाला?

बंदरावरचा

एसईओवाल्याने, म्हणजे साइट शोधात वर आणून देतो म्हणणाऱ्याने केलीत. महिन्याला चार हजार घ्यायचा. प्रत्येक गावाचं एक पान. मुरुड, कर्दे, लाडघर, आंजर्ले, केळशी, दाभोळ, असं. लोक त्या त्या गावाच्या नावाने शोधतात म्हणे.

कुळथाची पिठी

वाचली. सगळ्या पानांवर मजकूर तोच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. मुरुड-कर्देपर्यंत खपून गेलं असतं. पण तुमचं खेडचं पान स्वतः वाचलंय का? "निळ्याशार समुद्राच्या कुशीत वसलेलं टुमदार गाव खेड. आमच्या खोलीपासून किनारा चालत फक्त ५ मिनिटांवर." अहो, खेडच्या बाजारात पाणी येतं ते जगबुडीला पूर आला की!

याला डोअरवे पानं म्हणतात. नुसती दारं, आत घर एकच. २०२४ च्या ५ मार्चला गूगलच्या शोधक्रमात जो बदल सुरू झाला आणि १९ एप्रिलला संपला, त्याच वेळी गूगलने असा घाऊक मजकूर नियमात नावानिशी घातला. माणसाने लिहिला की यंत्राने, याला महत्त्व नाही. वाचणाऱ्यासाठी काही नसताना केवळ वर येण्यासाठी ढीग घातला की झालं. तुमच्या तारखा जुळतात. छातीठोक नाही सांगणार, पण संशय घ्यायला एवढं पुरे.

तिरकस वेंगुर्लेकर

पिठीसाहेब, खेडचा समुद्र मान्य, हसलोही. पण मूळ मुद्दा निसटतोय. चूक मोठ्यांकडूनही होते, फरक दार उघडण्याच्या वेगात आहे. बीएमडब्ल्यूची जर्मन साइट फेब्रुवारी २००६ मध्ये याच डोअरवे पानांसाठी काढली, काही दिवसांत परत आली. गाण्यांचे शब्द देणारी रॅप जीनियस ही साइट लिंकांच्या भानगडीत (वर येण्यासाठी दुसऱ्यांच्या साइटवर आपले दुवे लावून घेणं) २०१३ च्या नाताळात खाली गेली, १० दिवसांत परत. आमच्या हर्णैवाल्याला १० दिवसांत कोण विचारतोय?

आणि पंच स्वतःच खेळतो त्याचं काय? आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये शोधनिकालांतल्या पक्षपातासाठी गूगलला १३५.८६ कोटींचा दंड केला होता. अमेरिकेच्या न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये शोधातली मक्तेदारी बेकायदा ठरवली. मार्चच्या सफाईने निकृष्ट मजकूर ४५ टक्के कमी झाला हे कोण सांगतं? गूगलच. आपल्याच हाताने आपलीच पाठ.

कुळथाची पिठी

मक्तेदारीबद्दल वाद नाही. पण तीच उदाहरणं उलटी वाचा. बीएमडब्ल्यूलाही काढलंच ना? जेसीपेनी हे अमेरिकेतलं केवढं दुकान, विकतच्या लिंकांपायी २०११ मध्ये महिनोन्‌महिने मागे ढकललं होतं. आणि हे सगळे माणसाने केलेले दंड होते, म्हणून अर्ज चालला. अल्गोरिदमच्या, म्हणजे यंत्राने आपोआप लावलेल्या क्रमातल्या घसरणीला मोठ्यालाही अर्ज नसतो.

तिरकस वेंगुर्लेकर

म्हणजे सगळ्यांनाच दाद नाही, हा न्याय झाला? वा!

हापूसवाली, देवगड

तुमच्या गजाली चालूंदेत, माझी ऐका. आमची आंब्याची साइट एका फेब्रुवारीत अशीच पडली. भावोजींनी मोबाइलवर शोधून दाखवलं तर आमच्या नावाखाली जपानी अक्षरं! आत गेलं की बुटांचं दुकान. साइटला जोडलेल्या एका जुन्या प्लगइनमधून (जादा सोयीचा छोटा प्रोग्राम) कोणीतरी घुसून हजारो पानं टाकली होती, आणि सर्च कन्सोलमध्ये स्वतःलाच मालक म्हणून नोंदवून ठेवलं होतं. आम्ही घरून साइट उघडायचो तेव्हा आमचे आंबेच दिसायचे, म्हणून महिनाभर पत्ता नाही. पानं काढा, पासवर्ड बदला, तो उपटसुंभ मालक हाकला, यात एप्रिल उजाडला. पेट्या शेवटी नात्यागोत्यात फोन करून खपवल्या.

गूगलने खाली ढकललं ते बरोबरच केलं, बुटं कोण घेणार आमच्याकडे? पण नुकसान आमचंच झालं ना. म्हणून मी दोन्ही बाजूंनी.

नळस्टॉप

मी ते गिऱ्हाईक आहे ज्याच्यासाठी तुम्ही भांडताय. पुण्याहून वर्षातून दोनदा कोकणात येतो. अशाच एका 'समुद्र ५ मिनिटांवर'ला भुलून बुकिंग केलं. समुद्र दिसला, घाट उतरून पाऊण तास गाडी हाकल्यावर. मुलगी वाटेत दोनदा उलटी. तुमचा एसईओवाला तुमच्याकडून चार हजार घेतो आणि माझी सुट्टी वाया घालवतो. गूगल कडक नाही, गूगल ढिला आहे. ती भलत्या किल्ल्याची पानंही उडवा, माझी हरकत नाही.

माडावरचा

शोधत कोण बसतं आता? रील टाका, मासळीचं ताट दाखवा, खोल्या फुल्ल.

बंदरावरचा

रील टाकतो. लाइक येतात, फोन 'ताटाचा रेट काय' विचारायला येतात.

नळस्टॉप, तुमचं लागलं. काल भाच्याने अजून एक शोधून काढलं. साइटच्या तळाला पांढरी मोकळी जागा आहे, मला वाटायचं तशीच रचना असेल. त्याने तिथे बोट दाबून 'सिलेक्ट ऑल' केलं, आणि निळ्या पट्ट्यात यादी उमटली. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, रेवसपासून रेडीपर्यंत सगळी गावं, प्रत्येकापुढे 'स्वस्त होमस्टे'. माझ्याच साइटवर, मला न दिसणारं.

कुळथाची पिठी

लपवलेला मजकूर. हा गूगलच्या सगळ्यात जुन्या मनाईंपैकी एक आहे, २०१७ मध्येही होताच. आता:
यादी काढा. गावांची पानं उडवा, ती सगळी मुख्य पानाकडे वळवू नका, 'सापडत नाही' आलं तर येऊ दे. विकतच्या लिंका असतील तर त्यांच्यामागे फार धावू नका, २०१६ पासून गूगल बहुतेक वेळा त्या मोजतच नाही, म्हणजे तेही पैसे पाण्यात गेले. आणि उद्याच वर याल असं समजू नका. महिने लागतात, कधी येतही नाही.

तिरकस वेंगुर्लेकर

शेवटचं वाक्य ठळक करा. सगळं सुधारूनही 'कधी येतही नाही'. बंदरावरच्याचा मुद्दा हाच होता.

बंदरावरचा

हो, आणि तो मी सोडलेला नाही. ज्याने मला पाडलं त्याने एका ओळीचं पत्र पाठवलं असतं तर दोन सीझन गेले नसते. किल्ल्याचा चुकीचा फोटो आज सकाळीही पहिल्याच पानावर होता.

बाकी, २२ पानं उडवली. त्यांच्या जागी एकच लिहिलं, बंदरावरच्या संध्याकाळच्या लिलावाचं: होड्या कुठे लागतात, बोली कशी चढते, पर्यटकाने कुठे उभं राहिलं की शिव्या बसत नाहीत. रात्री आईला वाचून दाखवलं. म्हणाली, सुरमईचा भाव गेल्या वर्षीचा लिहिलायस.