मदत हवी आहे: चारपैकी तीनच फोटोंत दिसणारा ठिपका लघुग्रह म्हणून कळवायचा का?

नमस्कार मंडळी, आमच्या शाळेतली नववीची पोरं आयएएससी या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या लघुग्रह शोधमोहिमेत आहेत. हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे चार-चार फोटोंचे सेट येतात, ते अ‍ॅस्ट्रोमेट्रिका सॉफ्टवेअरमध्ये ब्लिंक करून, म्हणजे एकामागून एक पटापट दाखवून, हलणारा ठिपका शोधायचा. एका सेटमध्ये मुलींना असा ठिपका सापडलाय जो पहिल्या तीन फोटोंत सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकतो, मॅग्निट्यूड (तेजस्वितेची प्रत) २१ च्या आसपास, म्हणजे खूपच अंधुक, पण चौथ्यात जिथे तो असायला हवा तिथे नेमकी डिटेक्टरच्या (कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या) गॅपची काळी पट्टी आलीये, त्यामुळे काहीच कळत नाही.

एमपीसीओआरबी (ज्ञात लघुग्रहांच्या कक्षांची यादी) फाइल नवीन उतरवून ज्ञात लघुग्रहांचा ओव्हरले लावून बघितला, त्या जागी कोणीच नाही. हॉट पिक्सेल (सेन्सरमधला उगाच चमकणारा सदोष बिंदू) वाटत नाही कारण क्लिक केल्यावर ताऱ्यासारखं गोलसर प्रोफाइल येतं, तिन्हीत जवळपास सारखं. एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) मात्र दोन फोटोंत ५ च्या वर आणि तिसऱ्यात जरा खाली आहे. इमेज इन्व्हर्ट करून, कॉन्ट्रास्ट बदलूनही पाहिलं, ठिपका तसाच.

त्याच भागाचा दुसरा सेट आमच्याकडे नाही, आणि रिपोर्ट उद्या रात्रीपर्यंत पाठवायचाय. पोरींनी फार मन लावून शोधलंय त्यामुळे नुसतं सोडून द्यायला जीव होत नाही, पण खोटी नोंदही जायला नको.

ज्यांनी असे रिपोर्ट पाठवलेत त्यांनी प्लीज सांगा, तीनच पोझिशन्सची नोंद चालते का, आणि चालत असेल तर तो कमी एसएनआरवाला पॉइंट ठेवायचा की काढायचा?