१९०५ : पोर्ट्समथला जपानने हातचं घालवलं?

खडकवाट : "जिंकलेलं युद्ध कोमुराने टेबलावर घालवलं" ही पोस्ट परत फिरतेय, म्हणजे रशियाशी जिंकलेलं युद्ध जपानचे परराष्ट्रमंत्री कोमुरा यांनी अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या तहात घालवलं असं, म्हणून हा धागा. १० मार्चला मांचुरियातलं मुक्देन पडलं तेव्हा जपानची सत्तर हजारांवर माणसं मेली-जखमी झाली होती. पुढे जायला ना पुरेसे अधिकारी, ना तोफगोळे. तिकडे सायबेरियातल्या बैकाल सरोवराच्या कडेचा रेल्वेमार्ग सुरू झालेला, रशियाची कुमक वाढतीच. जपानसाठी कर्ज उभारणाऱ्या ताकाहाशींनी लंडन-न्यूयॉर्कमधून चार खेपांत ८ कोटी २० लाख पौंड कर्ज उचललं. आधी जकात तारण, मग तंबाखूची मक्तेदारी. लढाई चालू ठेवायला पुढचं कर्ज कशावर काढणार होतात?

आरमारी : त्सुशिमाच्या आरमारी लढाईनंतर (२७-२८ मे) समुद्र जपानचाच होता की. जुलैत अख्खं सखालिन बेट घेतलं आणि ५० अक्षांशाच्या वरचं परत देऊन टाकलं. नुकसानभरपाई शून्य. ५ सप्टेंबरला टोकियोच्या हिबियात लोक उगाच पेटले?

खडकवाट : पेटले, कारण तिजोरीत खडखडाट आहे हे सरकारने त्यांना सांगितलंच नव्हतं. झारने रशियाचा वाटाघाटी करणाऱ्या विट्टेला एक कोपेकही द्यायचा नाही असं बजावलं होतं. आरमार काय समुद्रापासून दूरच्या हार्बिनपर्यंत चढवणार होतात?

दारूकोठार : त्सुशिमा निघालंच आहे तर जपानी ॲडमिरल तोगोच्या ताफा वळवण्याच्या डावाच्या आरत्या पुरे, गोळा बघा. जपानी गोळ्यातली स्फोटक दारू शिमोसे म्हणजे पिक्रिक आम्ल. धातूला लागलं की धक्क्याने उडणारे क्षार तयार होतात, म्हणून गोळ्याला आतून लाखेचा लेप. गोळा फोडणारा इजुइन फ्यूज इतका हळवा की नुसत्या दोराला लागूनही गोळा फुटे. जाड चिलखत भेदत नसे, पण वरचे डेक पेटत. आणि कधी गोळा तोफेच्या नळीतच फुटे! जपानी क्रूझर निशिनच्या चारपैकी तीन ८ इंची नळ्या अशाच गेल्या.

आरमारी : शत्रूच्या माऱ्याने गेल्या. जपानी अहवाल वाचा.

दारूकोठार : वाचलेत. १० ऑगस्ट १९०४ च्या लढाईत मिकासा, आसाही, शिकिशिमा या जपानी युद्धनौकांच्याही १२ इंची नळ्या गेल्या. रशियन तोफची नेमक्या नळ्याच टिपत होते वाटतं.

भरती-ओहोटी : दोघेही कोळसा विसरलात. जादा भाराने रशियन जहाजं इतकी खोल बसली की चिलखताचा मुख्य पट्टा पाण्याखाली. रशियन युद्धनौका ओस्ल्याब्याच्या बिनचिलखती नाकाला जलरेषेवर भोकं पडली आणि तासाभरात ती उलटली. त्यात ताफ्याचा वेग ९ नॉट, तोगोचा १५.

दारूकोठार : भाराचं मान्य. ओस्ल्याब्यापुरतं.

खडकवाट : धागा तहाचा आहे हो! लिआओतुंग द्वीपकल्पाचा भाडेपट्टा, चांगचुनपर्यंतची रेल्वे, कोरियात मोकळं रान, दक्षिण सखालिन. याला घालवणं म्हणतात?

आरमारी : बरं, कोमुरा संत. पण नळ्या शत्रूनेच फोडल्या.

दारूकोठार : आणि तहानंतर सहाच दिवसांनी मिकासा सासेबो बंदरात कोठाराचा स्फोट होऊन बुडाली, तेव्हा कोणता रशियन आला होता?