फुटक्या हेडलाइटचे खापर ग्राहकाच्या डोक्यावर का?

जुनी_वॅगनआर : "खोके उघडताना ज्यांनी व्हिडिओ काढला नाही, त्यांनी नंतर गळा काढू नये, नाहीतर सरळ नाना पेठ गाठावी," असे ऑनलाइन मागवलेल्या गाडीच्या सुट्या भागांबद्दल काल इथे एका सदस्याने लिहिले आहे. (नाना पेठ म्हणजे पुण्यातला सुट्या भागांचा बाजार.) ते वाचल्यापासून माझे डोके तडकले आहे. मी २०१२ च्या गाडीसाठी डावा हेडलाइट मागवला, तेव्हा तीन दिवे मावतील एवढ्या खोक्यात हवेची एकच पिशवी होती आणि तीही बसलेली. काच शाबूत दिसली म्हणून मी निर्धास्तपणे गॅरेजमध्ये गेलो. तिथे मेकॅनिकने बोट ठेवून दाखवले की बोल्ट बसतो तो वरचा कान मुळापासून गेला आहे. त्याच आठवड्यात आलेल्या ४० रुपयांच्या बंपर क्लिपांना मात्र दोन हात बबल रॅप गुंडाळलेला होता.

नटबोल्ट : ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. मामांच्या दुकानात मी १० वर्षे काउंटर सांभाळला आहे. कंपनीचे खोके थप्पीने विक्रेत्याकडे जाण्यापुरते असते. त्यावरच पत्त्याचे लेबल डकवून कुरियरकडे दिले, तर कान तुटणारच. दुकानात गिऱ्हाईक दिवा हातात फिरवून पाहते आणि मगच पैसे देते.

चंदगडकर : नाना पेठ म्हणजे महाराष्ट्र नव्हे. आम्हाला एका ब्रेक पॅडसाठी कोल्हापूर गाठावे लागते, त्यात दिवस जातो, आणि तिथेही "ओरिजिनलच आहे" म्हणून दिलेले पॅड पावसाळा संपेपर्यंत झिजले. तुमच्या मामांनी तसला माल कधीच विकला नसेल, हे मी मान्यच करतो.

नटबोल्ट : मामांना मध्ये आणण्याचे कारण नव्हते.

काळा_कोट : ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. व्हिडिओ हवाच, अशी अट त्या नियमांत नाही.

नटबोल्ट : नियम मलाही वाचता येतो. कान बसवताना तुटला की वाटेत, हे विक्रेत्याने कसे ओळखावे? दुकानात दिवा उलटसुलट ठोकून बसवणारे आणि मग "असाच होता" म्हणणारे महाभाग मी रोज पाहिले आहेत.

दोन_हातांची : व्हिडिओचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा एका हातात कटर, दुसऱ्या हातात मोबाइल आणि मांडीवर ब्रेक डिस्कचे जड खोके घेऊन बसावे. मी आईला मोबाइल धरायला लावला, तर चित्रणात चार मिनिटे आमचा पंखा आहे. डिस्कच्या वजनाने तळ आधीच फाटलेला होता. विक्रेत्याने मात्र "खोके स्पष्ट दिसत नाही" म्हणून तक्रार बंद केली.

नटबोल्ट : डिस्कला नुसता पुठ्ठा देणे हा गाढवपणा आहे, एवढे मान्य. व्हिडिओबद्दलचे माझे मत तेच आहे.

जुनी_वॅगनआर : माझी रक्कम अजून अडकलेली आहे आणि मेकॅनिक तो कान एम-सीलने चिकटवू म्हणतो.

नटबोल्ट : तसे करू नका. खड्ड्यात दिवा हलत राहील आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. तुटलेला दिवा घेऊन शनिवारी मामांकडे या, मागचा पार्ट नंबर जुळवून देतो.

जुनी_वॅगनआर : येतो. नाना पेठेत शनिवारी गाडी कुठे लावायची, तेवढे मात्र आधी सांगा.