फोर्ज्ड पिस्टनला कंपनीचा गॅप?

इंजिनातले स्टॉक (कंपनीचे मूळ) पिस्टन काढून फोर्ज्ड (दाबून घडवलेले) टाकले तर बोअरचा गॅप, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमधली फट, कंपनीचाच ठेवू का, असं एकाने विचारलंय. कृपा करून ठेवू नका. आधी पिस्टनचा मिश्रधातू बघा. ४०३२ आणि २६१८ हे ॲल्युमिनियमचे दोन मिश्रधातू. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, म्हणून तो तापल्यावर कमी फुगतो. २६१८ मध्ये ते अगदी नावापुरतं, त्यामुळे त्याला जास्त मोकळीक लागते. थंड इंजिनात तो थोडा खडखडेल, घाबरू नका. टर्बो लावणार असाल तर मी २६१८च घेईन, मार जास्त सोसतो. गॅप मात्र पिस्टन बनवणाऱ्याने दिलेलाच धरा आणि स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या बाजूच्या भिंतीवर) तो सांगेल त्याच जागी मोजा.

रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) स्टीलचे असतील तर पिस्टन आणि हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) साधारण १ मिमी अंतर पुरतं. ॲल्युमिनियमचे ताणतात, त्यांना जास्त हवं.

पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर फक्त टीडीसीला (पिस्टन सर्वात वर असताना) मोजून थांबू नका! एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनच्या सर्वात जवळ येतो तो टीडीसीच्या साधारण १० अंश आधी, इनटेक तितकाच नंतर. पिस्टनवर क्ले (मऊ माती, ती दबून उरते तेवढं अंतर) लावून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी, याच्या खाली मी जात नाही.